दोन दिवसांनी लहान

शनिवारी सकाळी धुळ्याच्या देवपुरातल्या त्या प्राथमिक शाळेत घंटा झाली नाही. घंटेचा लोखंडी टोला खिळ्यावर नव्हता. शिपाई यशोदाबाई तो शोधत मुख्याध्यापकांच्या खोलीत शिरल्या आणि उंबऱ्यातच खाली बसल्या.

टोला फरशीवर पडला होता. त्याच्या शेजारी मुख्याध्यापक कांतीलाल सर. डोक्याची डावी बाजू फुटून आत गेली होती. चष्म्याची एक काच गालात रुतली होती. रक्त टेबलाखालून वाहत येऊन दारापाशी सुकलं होतं.

पोलीस निरीक्षक प्रशील बैसाणे आले, त्यांनी आधी प्रेत पाहिलं आणि मग वर पाहिलं. छप्पर पत्र्याचं होतं. सरांच्या डोक्याच्या बरोबर वर पत्र्यावर रक्ताच्या रेघा उठल्या होत्या, एकीमागे एक.

"किती घाव?" त्यांनी डॉक्टरांना विचारलं.

"पहिल्या दोनातच जीव गेला असेल. पुढचे पाच-सहा नुसते रागाचे. काल दिवेलागणीनंतर कधीतरी."

सरांच्या पत्नी प्रेमकुंवरबाई जळगावला मुलीकडे गेल्या होत्या, म्हणून रात्रभर कुणी सरांची वाट पाहिली नाही. खोलीतली कपाटं बंद होती, खिशात पाकीट होतं. म्हणजे चोरी नव्हती.

बाहेर मैदानात वेगळाच तमाशा. त्या दिवशी शाळेत मुलांची मोजणी होती. सप्टेंबरअखेर प्रत्येक शाळेने आपला पट सरकारला कळवायचा असतो, आणि कागदावरचा पट खरा आहे का हे बघायला माणसं येऊन एकेक डोकं मोजतात. त्या आकड्यावर शिक्षकांची पदं ठरतात. आत मुख्याध्यापकांचं प्रेत, आणि बाहेर सुकदेव सरांनी मुलं रांगेत बसवलेली. "मोजणी तेवढी होऊ द्या," असं ते अधिकाऱ्यांना दोनदा म्हणाले. अधिकाऱ्यांनी कानावर हात ठेवले आणि गाडीत बसून निघून गेले. माणसाला प्रसंग कळत नाही म्हणजे किती, असं तिथल्या सगळ्यांनाच वाटलं.

सुकदेव सर पस्तिशीचे, अंगात इस्त्रीचा पण कॉलरला विरलेला शर्ट. बैसाण्यांनी त्यांना व्हरांड्यात बोलावलं.

"काल संध्याकाळी कुठे होता?"

"गावी, साक्रीला. दुपारी शाळा सुटली तसा गेलो. आज पहाटेच्या गाडीने परत आलो."

"सरांचं कुणाशी वाकडं होतं?"

"सगळ्या देवपूरला माहीत आहे साहेब. मगन चहावाला. मुलीला पहिलीत घ्या म्हणत होता. एकतीस डिसेंबरला सहा वर्षं पूर्ण लागतात, आणि तिचा जन्म दोन जानेवारीचा. सर म्हणाले, नियम मी केलेला नाही. गुरुवारी मगन इथे उभा राहून ओरडला, डोकं फोडीन तुमचं."

"दोन दिवसांसाठी?"

"दोन दिवसांसाठी पोरीचं वर्ष जातं. तरी सर भला माणूस. नाव लावत नाही, पण वर्गात नुसती बसू दे, इथपर्यंत आले होते. त्या माणसाचं डोकंच फिरलेलं, त्याला कोण काय करणार?"

संस्थेचे सचिव रुपचंद आबा मागे उभे होते. ते म्हणाले, "मगनले धरा साहेब. वेळ घालवू नका."

मगन घरी नव्हता. त्याची टपरी लोकांनी तोवर उलटी करून टाकली होती. बायको दोन वर्षांपूर्वी वारलेली, घरात तो आणि मुलगी, आणि खोलीला कुलूप. दुपारी हवालदार भाईदास यांना तो जळगावात सापडला, मेहरूणला मेव्हणीच्या घरी.

पण तो धुळ्यात पोचण्याआधी बातमी पोचली. पोलीस ठाण्याच्या फाटकात जीप थांबली आणि पन्नासेक माणसं तिच्यावर तुटून पडली. कुणी मगनचा शर्ट धरला, कुणी पाय. तो जमिनीवर आला. चपला, बुक्के, लाथा. एकाने वीट उचलली. मार खाणारा माणूस आधी दोन्ही हात डोक्यावर घेतो. मगन घेत नव्हता. तो गुडघ्यांत तोंड घालून, हात पोटाशी धरून वेटोळा झाला होता, आणि त्याच्या उघड्या डोक्यावर लाथा बसत होत्या. जीपमध्ये त्याची मुलगी किंचाळत होती.

बैसाणे पायऱ्यांवरून धावत उतरले. त्यांनी लाठी घेतली आणि समोर येईल त्याच्या पोटऱ्यांवर हाणली. विटेवाल्याचं मनगट मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मग गर्दी फुटली. ज्यांनी कांतीलाल सरांना जन्मात नमस्कार केला नव्हता, ते सुद्धा त्यांच्यासाठी रक्त काढायला आले होते.

"ओठ कुणी फाडला?" मगनला आत नेल्यावर बैसाण्यांनी विचारलं. ती जखम फाटकातल्या माराच्या आधीची होती, सुकलेली.

"मी," भाईदास म्हणाले. "मेहरूणला हात वर कर म्हणालो, तर करेना. माजोरी शे. मग दिल्या चार."

बैसाणे बाहेरच्या बाकावर मुलीशेजारी जाऊन बसले. तिच्या अंगात शाळेचा नवा कोरा गणवेश होता, घड्यांच्या खुणा अजून गेल्या नव्हत्या.

"नाव काय तुनं?"

"मृणाली."

"शाळामा जास का?"

तिने उजवा हात डोक्यावरून नेला आणि डावा कान पकडून दाखवला. पूर्वी खेड्यातले गुरुजी असंच वय मोजायचे. कान हाताला लागला की पोर पहिलीत. खुद्द बैसाणे याच मापाने शाळेत गेले होते.

"कोनी शिकाडं हाई?"

"सुकदेव सरनी. घर उन्थात. ड्रेसबी त्यासनीच दिना."

"बाबाले येस का असं?"

"बाबाले नही जमस," ती म्हणाली. "बाबाना हात वर जात नही. मीच त्याना डोकाले तेल लावस."

आत मगनच्या भुवईला टाके घालणं चाललं होतं. बैसाण्यांनी त्याला हात वर करायला सांगितलं. दोन्ही हात खांद्याच्या रेषेपर्यंत आले आणि थांबले. त्याने दात आवळून जोर लावला, पण पुढे बोटभरही गेले नाहीत.

"कापूसनी गठान पडनी व्हती," तो म्हणाला. "हमाली करू तव्हय. दोन्ही खांदा गयात. मंग टपरी टाकी."

"शुक्रवारी संध्याकाळी कुठे होतास?"

"शाळामा गऊ व्हतू, माफी मांगाले. बोलनू मी, डोकं फोडसू अस्सं बठ्ठास्ना समोर बोलनू. ते पोटमा सलत व्हतं. पोरले लिसन गऊ. सर एकलाच व्हतात. हासनात. बोलनात, नाव लावता येवाव नही, पन सकायपशी तिले वर्गमा नुसती बसाड."

"हे त्यांनी आधी कधी सांगितलं होतं?"

"नही. तव्हयच सांगं. मंग तिना ड्रेस दखा. कोनी दिना, इचारं. मी सांगं, सुकदेव सरनी, शनिवारनी मोजनीसाठे. सरनं तोंडच बदलनं."

"खोलीत आणखी कोण होतं?"

"कोनीच नही. आमी दोन अन् सर. मी कोनले सांगंबी नही."

"मग पळालास कशाला?"

"सकायले लोके टपरी फोडी राहिंतात. मगनले जित्ता जाळा, म्हनेत. मी मरसू, पन पोरनं काय?"

बैसाण्यांनी भाईदासना साक्रीला पाठवलं.

रविवारी दुपारी मुख्याध्यापकांच्या खोलीत चार माणसं बसली होती. बैसाणे, रुपचंद आबा, सुकदेव सर आणि दाराशी यशोदाबाई. भाईदास दार अडवून उभे होते. फरशी धुतली होती. पत्रा तसाच होता.

"मगनने खून केला नाही," बैसाणे म्हणाले.

आबा उसळले. "मंग पळाला कसाले?"

"पळाला नसता तर तुम्हीच त्याला जाळला असता. वर बघा आबा. या रेघा. टोला डोक्यावर उंच नेऊन खाली आणला की त्याच्यावरचं रक्त छताला उडतं. प्रत्येक घावाला एक रेघ. ज्याने मारलं त्याने दर वेळी हात डोक्याच्या वर नेला. मगनचे हात खांद्याच्या वर जात नाहीत. डॉक्टरांनी तपासलं, तसं लिहून दिलं. मेहरूणला हात वर कर म्हटलं तेव्हा तो माज करत नव्हता. फाटकात लाथा खाताना त्याने डोकं झाकलं नाही, कारण झाकता येत नाही."

भाईदासनी मान खाली घातली.

"मग प्रश्न उरला, सरांवर इतका राग कुणाचा? मगनची पोरगी पहिलीत यावी असं मगनला वाटत होतं. पण एवढ्याच तळमळीने ते आणखी एकाला वाटत होतं. त्याने तिच्या घरी जाऊन तिला कान धरायला शिकवलं, स्वतः गणवेश आणून दिला आणि मोजणीला घेऊन ये म्हणाला. सुकदेव सर, का?"

"गरीब मुलगी आहे," सुकदेव सर म्हणाले. "दया आली."

"आबा, एक मूल कमी पडलं तर काय होणार होतं?"

आबांनी घसा साफ केला. "पट कमी पडला की एका पदाला मान्यता नाही. सुकदेवच्या."

"आणि तुम्ही त्यांना काय सांगितलं होतं?"

"पट भर, पगार घे." आबा जमिनीकडे बघत होते. "सगळे तसंच सांगतात."

"काल सकाळी प्रेत या खोलीत असताना हे मुलं रांगेत बसवत होते," बैसाणे म्हणाले. "पण त्यावर कुणाला फाशी देता येत नाही. सुकदेव सरांनी स्वतःच मला धागा दिला. ते म्हणाले, सर त्या मुलीला वर्गात नुसती बसू देणार होते. ही गोष्ट सरांनी शुक्रवारी दिवेलागणीला, या खोलीत, फक्त मगनला सांगितली. त्यानंतर सर जिवंत बाहेर आले नाहीत, आणि मगन ती कुणाला न सांगता शहर सोडून पळाला. मग दुपारीच साक्रीला गेलेल्या माणसाला ती कळली कशी?"

सुकदेव सरांनी दाराकडे पाहिलं.

"साक्रीला तुमच्या आईला विचारलं. पोरगा पोळ्याला आला होता, त्यानंतर नाही, असं ती म्हणाली. तुम्ही शाळेमागच्या तुमच्या खोलीतच होता. मगन गेल्यावर सरांनी तुम्हाला बोलावलं, कारण गणवेश कुणी दिला ते त्यांना कळलं होतं. त्यांनी तुम्हाला स्पष्ट सांगितलं, मुलगी बसेल, पण पटावर येणार नाही. तुम्ही बाहेर गेलात, खिळ्यावरचा टोला काढला आणि परत आलात."

सुकदेव सर उठले ते बैसाण्यांकडे नाही, आबांकडे गेले. त्यांनी आबांचा गळा दोन्ही हातांनी पकडला आणि त्यांचं डोकं कपाटावर आदळलं. एकदा, दुसऱ्यांदा. आबांच्या नाकातून रक्त आलं. भाईदास आणि बैसाणे दोघांनी मिळून ती बोटं सोडवली. त्यातलं एक बोट पिरगळावं लागलं.

"अकरा वर्षं," खाली दाबलेले सुकदेव सर म्हणत होते. "अकरा वर्षं बिनपगारी शिकवलं मी. रात्री गॅरेजात टायर काढले. लग्न मोडलं माझं. यांनी दरवर्षी सांगितलं, यंदा होईल. यंदा खरंच होत होतं. एक पोरगी हवी होती."

"सर काय म्हणाले?" बैसाण्यांनी विचारलं.

"मी म्हणालो, दोनच दिवस कमी आहेत, मुलगी खोटी नाही, चालते-बोलते. सर म्हणाले, दोन दिवस म्हणजे दोन दिवस, खोटा पट मी सरकारला कळवणार नाही. आणि मग म्हणाले, सुकदेव, धीर धर. धीर धर म्हणाले साहेब. टोला मी नुसता भीती घालायला आणला होता. पहिला घाव बसला, मग हात थांबेना."

यशोदाबाई पदर तोंडात धरून रडत होत्या. त्या नक्की कुणासाठी रडत होत्या हे त्यांनाही सांगता आलं नसतं. बैसाण्यांना सुकदेवची कीव आली आणि ती आल्याचा रागही आला. कारण धीर धर म्हणणारा माणूस या सगळ्यांत एकटाच सरळ होता, आणि मेला तोच.

सरकारी दवाखान्यात मगनच्या बरगड्यांना पट्टा बांधला होता. मृणाली त्याच्या पायाशी झोपली होती. बैसाण्यांनी त्याला सगळं सांगितलं.

मगनने पोरीकडे पाहिलं.

"म्हंजे तिना नावसाठे सर गयात."

"तिच्या नावासाठी नाही. पटासाठी."

"एकच ते साहेब." त्याने पट्ट्यावर हात ठेवून श्वास घेतला. "तिले सांगू नका. शाळा म्हंटं की तिले रगतच आठवी."

"मी सांगणार नाही," बैसाणे म्हणाले. "पण गणवेश कुणी दिला, कान धरायला कुणी शिकवलं, हे कोर्टात तिलाच सांगावं लागेल. तिच्याशिवाय केस उभी राहणार नाही. मला ते टाळता येत नाही."

"कव्हय?"

"आपल्याकडे खटला उभा राहायला वर्षं लागतात. चार, पाच. जास्तही."

मगनने मान हलवली. एवढ्या मारानंतर पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावरचा ताण थोडा उतरला.

"मंग व्हई जाई," तो म्हणाला. "तवलोंग तिनं वय व्हई जाई."