ओल्या गाठी

कुंभारीच्या कामगार वस्तीत लाइट गेली, तशी ईरप्पाअज्जांच्या अंगणात नाती जमल्या. धाकटी राजेश्वरी दहा वर्षांची. उद्यापासून ती अज्जा कामाला होते त्या कारखान्यात चादरींच्या दशांना गाठी मारायला जाणार होती. सुट्टीपुरतं. हात बसावा म्हणून अज्जांनी मोकळ्या दशांची एक चादर आणून बाजेवर टाकली होती. राजीनं तिला अजून हात लावला नव्हता. आणि कॉलेजात जाणारी थोरली श्रीदेवी त्यावरून दुपारपासून अज्जांशी बोलत नव्हती.

"आमच्या बिभीषणाची गोष्ट हाय, खरी," अज्जा म्हणाले. "गेल्या एप्रिलची सतरा तारीख, गुरुवार. रात्रीचं पावणेबारा."

बिभीषण डबा विसरला म्हणून एमआयडीसीतल्या कारखान्यात परत गेला. माग बंद होते. डबा उचलून निघाला, तर गोदामातून टकटक. मांजर अडकलं असंल, म्हणत त्यानं कमरेची किल्ली काढली, कुलूप उघडलं, शटर वर केलं. आत भट्टीसारखा उकाडा. टॉर्चच्या उजेडात चादरींची थप्पी. संध्याकाळी मोकळ्या ठेवलेल्या दशा... सगळ्यांना गाठी. त्यानं एक चाचपली.

ओली.

"गौरम्मा अशीच थुंकी लावून दशा वळायची..."

"कोण गौरम्मा?" राजीनं विचारलं.

"हुती एक. नऊ वर्साची. तपासणीची गाडी आली की पोरं गोदामात दडवायची, रीतच हाय ती. गाडी गेली, बाकीची भायेर आली. ही थप्पीमागं झोपलेली. कुणी मोजलीच न्हाईत. शटर लावलं, माग सुरू झालं. त्या खडखडाटात काय ऐकू येतंय... वर पत्रा. मे म्हयना."

राजी ताईला चिकटली.

"मग बिभीषणानं मागं बघितलं. शटर खाली येत हुतं. हळू. कुणी ओढत नव्हतं. तो वाकला. निसटला. आतनं पुन्हा... टकटक..."

"भूत राहू द्या, अज्जा," श्रीदेवी म्हणाली. "तिच्या आईला काय सांगितलं?"

"तापानं गेली... म्हून."

"गोदामाची किल्ली तर तुमच्याच कमरेला असते की."

अज्जा करदोट्याची किल्ली मुठीत धरून बसले.

"बिभीषण कोण, अज्जा?"

"मीच."

"आणि तरी राजीला तिथंच नेताय?"

"मालकाला शब्द दिलाय, पोरी."

"मोडा. ती जाणार नाही. आणि सकाळी आपण दोघं गौरम्माच्या आईकडं जायचं. तिथून पोलिसांत."

मग अज्जांनी मान हलवली.

"व्हय. जाऊ."

लाइट आली. राजीनं बाजेकडं बोट केलं.

"ताई, ह्या कुणी मारल्या?"

चादरीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बारीक, घट्ट गाठी. शेवटची तेवढी अर्धी राहिली होती.

श्रीदेवीनं हात लावला.

ओली होती.