हाँगकाँगचं पत्र

मी खाडी ओलांडायच्या होडीत, आमच्या तरीत, चढत होते, तो उतरत होता, आणि वाट द्यायला दोघंही एकाच बाजूला सरलो. झालं! माझी टोपली कलंडली, चार तवशी, मोठ्या काकड्या, खाडीत. नवी पँट गुडघ्यापर्यंत भिजवून त्याने ती वेचली.

"बघून चल गो!"

"मी बघूनच चलतंय. तुमीच डोळे तरीतच इसरून इलात काय?"

तो हसला. "मी यशोदेचो गुरुदास. आणि तू... पत्रां वाचणारी शेवंती?"

माझे कान तापले. मी सातवी पास, त्यामुळे वाडीतली सगळी पत्रं माझ्याकडे. लहानपणीच मुंबईला आणि मग बोटीवर गेलेल्या या माणसाचा चेहरा आज दिसला, पण दोन वर्षं त्याची पत्रं त्याच्या आईला मीच वाचून दाखवत होते.

"तुमचा अक्षर म्हणजे कोंबडेचे पाय," मी म्हटलं.

"मगे सुधारूक होया. वाचणारी अशी आसा म्हणान कोणी सांगूकच नाय!"

बावीस दिवसांची रजा होती त्याची. त्यातले अठरा दिवस त्याला रोज पलीकडे काहीतरी काम निघायचं, नेमकं मी तरीवर असताना. काय बोलायचो? काहीच नाही. तो बोटीवरच्या गोष्टी सांगायचा, मी खोट्या ठरवायची. उतरताना हात पुढे करायचा — मी धरायची नाही, आणि घरी जाऊन त्या हाताचाच विचार करायची.

मग तार आली. बोट हाँगकाँगला उभी होती, म्हणून कंपनी त्याला विमानाने पाठवणार होती. साठ सालची गोष्ट. आमच्या वाडीत विमान म्हणजे आभाळातला आवाज, तेवढंच.

कार्तिकात निळं पाकीट आलं. यशोदाकाकीच्या खळ्यात चार बायका जमल्या आणि मी मोठ्याने वाचायला लागले.

"आई, दीड दिवस विमानात होतो. कानांना दडे बसले. हाँगकाँग आलं तेव्हा दोन्ही अंगांना माड्याच माड्या, खिडक्यांत वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसत होते, आणि खाली नुसतं पाणी. वाटलं, संपलं सगळं. रामेश्वराला नारळ बोललो, तेवढ्यात चाकं टेकली. बाहेर आलो तर एवढी माणसं, एवढे दिवे, आणि मला ओळखणारं एकही नाही. दर्यात कधी भ्यालो नाही, पण त्या शहरात रस्त्याच्या कडेला उभा राहून मला रडू आलं."

काकीने पदर डोळ्यांना लावला. मी पुढची ओळ बघितली, आणि वाचायची थांबले.

'तेव्हा वाटलं, शेजारी शेवंती हवी होती. तिची हरकत नसेल तर तिच्या घरी विचार. हे वाचताना तिचं तोंड बघ, तुला कळेल.'

"थांबलंस कित्याक गो?"

"अक्षर... अक्षर लागना नाय." आणि मी थेट शेवटच्या ओळीवर उडी मारली. "बाकी क्षेम. तुझा गुरुदास."

कशी वाचणार हो? स्वतःची मागणी स्वतःच्याच तोंडाने, चार बायकांपुढे! दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हतं. पोरीने मनचं जोडून वाचलं, असंच म्हणाल्या असत्या. मी विचार केला, रविवारी त्याचा बाबलीमामा येईल, तो वाचेल. पत्र मीच काकीच्या पेटीत अगदी वर ठेवलं.

मामा आला, पण मसुऱ्याच्या मथुरेचं स्थळ घेऊन. काकीने पत्र पुढे केलं, तर म्हणाला, "शेवंतीन वाचल्यान मा? मगे परत कशाक?" दुसऱ्या दिवशी देवीला पाकळ्या लावून कौल घेतला. उजवी पाकळी पडली, म्हणजे देवीचा होकार. मला कळलं तेव्हा शब्द दिला गेला होता. देवीने उजवा कौल दिल्यावर तोंड कोण उघडणार?

आणि काकी कागद घेऊन माझ्याकडेच आली. "गुरुदासाक लिव गो बाय. तुझा लग्न ठरलाहा म्हणान लिव."

लिहिलं मी. खाली स्वतःची एक ओळ घालावी असं दहादा वाटलं. पण त्या मसुऱ्याच्या पोरीने काय घोडं मारलं होतं माझं?

वैशाखात तो आला. हळदीच्या दिवशी, मागच्या विहिरीवर मला एकटीला गाठलं. वाळला होता.

"हरकत होती तर तसा सांगूचा होता."

"हरकत नव्हती."

"मगे?"

"ती ओळ मी वाचूकच नाय. बायकांपुढे माझ्या तोंडातसून येय ना."

 तो विहिरीच्या कठड्यावर बसला.

"येड्या चेडवा... आयेक वाचूक येता काय? तां तुझ्याचसाठी लिवलंय मी. मगे तुझ्याच हातचो कागद इलो, मथुरेशी लग्न ठरला म्हणान. माका वाटला, ह्यांच तुझा उत्तर."

मला रडू फुटलं. मग लाजलज्जा सगळी सोडून मी म्हटलं, "माका तुमीच होये होतात. पयल्या दिवसापासून."

 आतून हळदीसाठी हाक आली. त्याने ओंजळभर पाणी घेऊन तोंड धुतलं, बाहीला पुसलं आणि आत गेला.