अर्ध्यात अडलेली कंबर

घड्याळवाला आला होता भिंतीवरचं घड्याळ दुरुस्त करायला. गोल्फच्या सराव-मैदानावरचं ते घड्याळ कित्येक महिने एकाच वेळेवर ठाम होतं. त्याने ते उघडलं, फुंकर मारली, चालू केलं आणि शिडीवरून उतरता उतरता सहज विचारलं, "एक चेंडू मारून बघू?"

काउंटरवरच्या मुलीने त्याच्या हातात चेंडू मारायचा क्लब दिला. त्याने मारलं. चेंडूने समोरची अख्खी हिरवळ वगळली, खांबाला धडक दिली, उलटा फिरला आणि थेट घड्याळात घुसला.

"आलोच," तो शांतपणे म्हणाला आणि परत शिडीवर चढला.

तिथेच तिचं काहीतरी बिनसलं. किंवा जुळलं... नक्की काय, ते कळायला तिला वेळ लागला.

मैदान तिच्या काकांचं. काकांचं म्हणणं सरळ होतं – प्रशिक्षकाची परीक्षा पास झालीस तर शिकव, नापास झालीस तर जन्मभर चेंडूंच्या बादल्या भर. परीक्षेला विद्यार्थी आपला आपण आणायचा आणि त्याच्याकडून अंगाचं पूर्ण वळण करून दाखवायचं. तिच्याकडे विद्यार्थी नव्हता. आता शिडीवर एक होता.

"हातांनी मारू नका," पहिल्याच दिवशी ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली. "आधी खांदे वळवा, पाठ निशाणाकडे. मग कंबर सुटते. तिच्यामागून छाती. हात सगळ्यात शेवटी... उशिरा उठलेल्या भावासारखे."

"आणि मग?"

"मग बेंबी निशाणाकडे."

"तिला कळेल?"

"तुम्ही सांगा तिला."

"आमचं फारसं बोलणं नाही."

तिने हसू दाबलं. ते नाकावाटे बाहेर आलं.

तो जीव तोडून सराव करायचा. त्याच्या आईचा तिला फोन आला, "अगं, हा भाजीसुद्धा कमरेतून ढवळतो! इतका सुरेख वळतो, की मी बघत बसते आणि भाजी लागते!"

मैदानावर मात्र ती समोर उभी राहिली, की कंबर अर्ध्यात अडायची. छाती तिच्याकडेच थबकायची, हात एकटेच पुढे जायचे आणि चेंडू डावीकडे, काकांच्या गाडीच्या दिशेने सुटायचा. काकांनी गाडी उजवीकडे लावायला सुरुवात केली. तिने त्याच्या बुटांना दोष दिला, क्लबला दिला, एकदा भुरभुर पाऊस आला तर त्यालाही दिला.

परीक्षेच्या दिवशीही तेच. परीक्षकबाई चहाचा कप घेऊन बराच वेळ बघत राहिल्या. मग तिला म्हणाल्या, "तुम्ही जरा त्या खांबापाशी जा बरं."

ती गेली. चेंडू खांबाकडे गेला.

"आता त्या टोकाला."

चेंडू त्या टोकाला गेला.

"अहो, हा विद्यार्थी आहे की सूर्यफूल?"

घड्याळवाल्याचे कान लाल झाले.

"तुम्ही... निशाणाकडे का वळत नाही?" तिने हळूच विचारलं.

"वळलो की तुम्ही दिसेनाशा होता."

"मग सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तुम्ही समोर उभ्या राहिला नसतात."

ती स्वतःच गर्रकन निशाणाकडे वळली, तेही अगदी पूर्ण.

"शेवटचा चेंडू," परीक्षकबाई म्हणाल्या.

ती धावली. कोपऱ्यात चेंडू गोळा करायची गाडी उभी होती, चारी बाजूंनी जाळी असलेली. ती आत बसली आणि निशाणाच्या झेंड्याकडे निघाली. गाडीचा वेग असा, की परीक्षकबाईंचा चहा संपला, त्यांनी दुसरा मागवला, तोही संपला. शेवटी झेंड्यापाशी गाडी थांबली. जाळीआडून आवाज आला, "मारा!"

तो वळला. खांदे गेले, क्षणभर थांबले... मग कंबर सुटली, छाती आली, हात आले. उजवी टाच आपसूक उचलली गेली. बेंबी थेट तिच्याकडे. चेंडू उंच उठला, हवेत रेंगाळला आणि धाडकन तिच्या नाकासमोर जाळीवर आदळला.

तो क्लब टाकून हिरवळीवरून पळत सुटला.

"भ्यालात?" त्याने धापा टाकत विचारलं.

"नाही. वळलात!"

"तुम्ही समोर होतात ना."

"म्हणजे दरवेळी मी अशी पिंजऱ्यात बसू?"

"तुम्ही कशाला? मी बसतो. तुम्ही मारा."

"आणि लागलं तर?"

"तुमच्याकडून... चालेल."

"पास!" मागून परीक्षकबाई ओरडल्या. "आता हला तिथून, लोक खोळंबलेत!"

तिने जाळीचं दार उघडलं. "आत ये."

ती 'ये' म्हणाल्यावर तो जरा उभाच राहिला. मग एका माणसाच्या सीटवर कसाबसा मावला. चेंडू गोळा करणाऱ्या गाडीवर नेम धरायचा नाही, अशी पाटी मैदानावर होती. तरी पहिला चेंडू खण्णकन जाळीवर आपटला.

"कोण आहे?"

"काका," ती म्हणाली.

मग सगळेच मारायला लागले. तिने त्याचा हात घट्ट धरला आणि गाडी आणखी हळू केली.