कोल्हा हलला होता

पहिल्यांदा भेटला तेव्हा माझ्या अँटेनाचा दांडा त्याच्या बटाटावड्यात घुसला.

चूक त्याची. महापे नाक्यावरच्या टपरीवर सकाळी सकाळी कोणी असं रस्त्याच्या मधे वडा धरून उभं राहतं का? शहाण्णवची थंडी होती. माझ्या हातात जुन्या टीव्ही अँटेनाचे दांडे कापून, पाइपवर ठोकून मी स्वतः बनवलेली अँटेना. एवढी मोठी की बोनकोड्याहून येताना दोन कावळे तिच्यावर बसून फुकट आले.

"कोणाचा टीव्ही लावायला निघालात?" त्याने वडा सोडवत विचारलं.

"तुमचा नाही. वडा भरून देते."

"आता नको... परत भेटलात की द्या."

डोळे असे हसरे, की मला आणखीच राग आला.

तेव्हा आमचा हॅम रेडिओचा क्लब होता — लायसन काढून वायरलेसवर, म्हणजे हवेवर बोलणाऱ्या लोकांचा. वर्षातून एकदा डोंगराखालच्या शेतांत कोल्ह्याची शिकार. घाबरू नका, खरा कोल्हा नाही. एक जण ट्रान्समीटर घेऊन लपून बसतो, तो कोल्हा. थोड्या थोड्या वेळाने हवेवर बोलतो. बाकीच्यांनी अँटेना फिरवायची, आवाज जिथून जोरात येतो तिकडे नकाशावर रेघ मारायची. मग बाजूला चालत जाऊन दुसरी रेघ. दोन रेघा छेदतात तिथे कोल्हा. आणि नियम एकच — काही झालं तरी कोल्ह्याने हलायचं नाही.

शिकार सुरू झाली. हातातला रेडिओचा सेट खरखरला, आणि आवाज आला, "मी कोल्हा. मी कुठे?"

वडेवाला.

मी हसले, कबूल. पण रेघा मारताना हात हलला नाही. दोन्ही रेघा छेदल्या त्या शेताकडेला राहणाऱ्या पुतळा आत्याच्या गोठ्यावर. बांधावरून धावत गेले. गोठ्यात पेंढा, वड्याचा तेलकट कागद, आणि एक खुडूक कोंबडी अंड्यांवर पिसं फुलवून बसलेली. माणूस नाही.

पुतळा आत्या बाहेर वाल सोलत होती. "कोनाला बघतंस गो? तो पोर पलाला. माजी कोंबरी लागली त्याचे मागं. असा पलाला, चप्पल पन इसरला."

बघते तर खरंच, एक चप्पल. उचलून पिशवीत टाकली.

तेवढ्यात सेट बोलला, "मी कोल्हा. मी कुठे?" आवाज आता जुन्या खदानीकडून येत होता. माझं डोकं फिरलं. मी पोचेपर्यंत क्लबातला ऐरोलीचा नौमान आधीच पोचला होता, आणि सगळे टाळ्या वाजवत होते.

"रेघ चुकली, जागृती," सुधीर सर म्हणाले. क्लब त्यांचाच. "होतं मुलींचं असं. पुढच्या वेळी तू टेबलावर बस, कोण कधी आलं ते लिही. शेतात मुलगेच जाऊदे."

"रेघ नाही चुकली, सर. कोल्हा हलला."

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं. दिपेश नाव, ते तेव्हा कळलं. एका पायात चप्पल, एका हाताला रुमाल गुंडाळलेला.

"हललास?" सरांनी विचारलं.

तो जमिनीकडे बघत होता. "...नाही."

एवढं एक नाही. आणि मी वर्षभर खपून बनवलेली अँटेना, माझ्या रेघा, सगळं टेबलावर गेलं. मी पिशवीतून चप्पल काढून त्याच्यासमोर ठेवली. "कोल्ह्याची दिसते," म्हटलं आणि निघाले. सर म्हणाले, "शेतात चपला पडलेल्याच असतात." चप्पल दिसत होती, पण पोरीचं ऐकायचं नाही म्हटल्यावर...

चार दिवस घरात भांडी मीच घासत होते, आणि भांडी रडत होती.

गुरुवारी संध्याकाळी क्लबचे सगळे हवेवर जमायचे. मी ऐकणारच नव्हते. नुसता सेट लावला, खरखर ऐकायला.

"मी दिपेश," आवाज आला. "रविवारी कोल्हा हलला होता. जागृतीची रेघ बरोबर होती. ती पहिली आली."

"कशाला हललास पण?" सुधीर सर.



"...कोंबडी."

पनवेलपर्यंत लोक हसले असतील. खाडीतले बगळे उडाले, मी खिडकीतून बघितले. नौमान म्हणाला, "तरीच म्हटलं, हा बसल्या बसल्या धापा कशाला टाकतोय."

हसणं थांबेना, तरी तो बोलतच राहिला. "सर, येत्या रविवारी परत शिकार ठेवा. मी कोल्हा, आणि जागृती एकटीच शोधेल. सापडलो तर ती शेतातच राहील."

मला विचारलं कोणी? नाही. तरी गेले.

पहिली रेघ मारली आणि कळलं. तोच गोठा. धावले असते तर लगेच सापडला असता. पण पुतळा आत्याने अंगणात पोपटी लावली होती. मडक्यात वालाच्या शेंगा, भांबुर्ड्याचा पाला... असा वास सोडून कोणी जातं? निवांत बसले. सेट अधूनमधून बोलत होता, "मी कोल्हा. मी कुठे?" मग जरा केविलवाणं, "मी कोल्हा... कोणी आहे का?"

"जा गो आता," आत्या म्हणाली. "मरंल तो."

"मरूदे."

पोटभर खाल्ल्यावर गेले. इतक्या जवळ सेट सगळ्या बाजूंनी ओरडतो, दिशा कळत नाही. तेव्हा सेट छातीशी धरून गोल फिरायचं. जिथे आवाज पडतो, तिथे कोल्हा तुमच्या बरोबर पाठीमागे. मला कुठे गरज होती, पण फिरले. गोठ्याकडे पाठ झाली, आणि आवाज एकदम मंद झाला.

"मी कोल्हा," सेटमधून नाही, पाठीमागून. "मी इथेच."

वळले. पेंढ्यात बसला होता. कोंबडी त्याला चिकटून, पिसं फुलवलेली. दोन्ही हात कोपरापर्यंत लाल, टोचून टोचून.

"हललो नाही," तो म्हणाला.

"मघाशीच कळलं होतं मला."

"पोपटीचा वास येत होता... म्हणजे मला पण कळलं होतं, तुम्ही जवळच आहात. मग आला का नाहीत?"

"बघत होते — हलता का."

"आणि?"

पदरात बांधलेल्या शेंगा मी त्याच्या पुढ्यात सोडल्या. "वड्याचे फिटले. सरका जरा."

"सरकलो तर हललो म्हणाल."

मग मीच बसले, होती तेवढ्या जागेत. कोंबडीने मला एकदाही टोचलं नाही.

आता हे आमच्या पोरांना सांगतात की त्या गोठ्यात बिबट्या होता. सांगूदेत. मी गेले तेव्हा बिबट्या अंडी उबवत होता.