उद्याच्या किल्लीचा चोर

चेंडू दवाखान्यामागे गेला, चिमटी, भोपळ्या आणि प्रोफेसर अशी तिघं मागे धावली, आणि चेंडू राहिला बाजूला. भिंतीवरच्या तारांच्या पेटीचं दार किलकिलं होतं. आत इंटरनेटच्या तारेला एक काळी डबी चिकटली होती, गोचिडीसारखी.

चिमटीची आत्या दवाखान्याचे संगणक सांभाळायची. तिने ती बातमी चहाच्या घोटाबरोबर गिळली. डबी माहिती चोरणाऱ्याची असली तरी नेऊ दे म्हणाली, इथून जातं ते सगळं कुलूपबंद.

चिमटीला ते पटेना. गेल्या सुट्टीत तिने इथल्याच समुपदेशक बाईंना भोपळ्याबद्दल, म्हणजे धाकट्या भावाबद्दल, काही सांगितलं होतं. तेही याच तारेतून मोठ्या इस्पितळात गेलेलं.

आत्याच्या मुलाला घरच्यांनी वैतागून 'प्रोफेसर' ही पदवी दिली होती. तो सांगू लागला. कुलूप म्हणजे दोन अवाढव्य संख्यांचा गुणाकार. तो परत फोडायला आजच्या संगणकांना जन्म पुरणार नाही. पण शाळेच्या सहलीत त्याने क्वांटम संगणक पाहिला होता. छताला टांगलेलं सोनेरी झुंबर, आणि आत थंडी अशी की ताऱ्यांमधली पोकळीसुद्धा तिच्यापुढे उबदार. एरवी तोंड न मिटणारा प्रोफेसर हे सांगताना कुजबुजत होता.

"अजून तो बाळ आहे. मोठा झाला की हे कुलूप फोडेल."

"म्हणजे चोराला आज किल्ली नकोच आहे," चिमटी हळूच म्हणाली. "आज कुलूपबंद माहिती तशीच साठवायची आणि वाट बघायची."

 जे यंत्र अजून धड जन्मलं नाही, त्याच्यासाठी कुणीतरी कोठार भरत होतं!

जेवणाच्या सुट्टीत संगणक रिकामे असताना तिने आत्याला एक निरुपयोगी फाइल पाठवायला लावली. भोपळ्या डबीवरच्या बारीक दिव्याकडे बघत उभा. आत्याने फाइल पाठवली की "लुकलुकली!" अशी आरोळी, थांबवली की शांत. पुन्हा तेच झालं तेव्हा आत्याचा चहा निवला.

पोलिसांनी डबी नेली. तार दुरुस्तीवाला म्हणून येऊन ती बसवणाराही सापडला. त्याला दवाखान्याच्या मॅनेजरने ओळखपत्र न विचारता आत सोडलं होतं. आत्याने क्वांटमलाही दाद देणार नाहीत अशी नवी कुलपं बसवली. मोठ्या डॉक्टरांनी तिघांची पाठ थोपटली. मॅनेजर टाळ्या वाजवताना जमिनीकडे बघत होता.

"आणि आधीच गेलेलं?" चिमटीने विचारलं.

"ते परत येत नाही गं," आत्या म्हणाली.

चिमटीने घटकाभर विचार केला आणि भोपळ्याला अंगणात गाठलं. झुंबराने सांगण्याआधी आपणच सांगितलेलं बरं.

"तू झालास ना, तेव्हा तुला परत देऊन टाकावं असं मला वाटायचं. खूप दिवस."

भोपळ्याने चेंडू उडवला, झेलला.

"मला तर तुझ्याबद्दल अजून वाटतं," तो म्हणाला. "टाक बॉल."