चौदाशे किलोंचा दंतवैद्य

वजनकाट्यावर माझ्या निळ्या गाडीचं वजन एकाएकी पंधराशे दाखवायला लागलं, तेव्हा मी मागे वळून पाहिलं. एका मरून गाडीने आपली पुढची चाकं काट्यावर टेकवली होती.

"अहो, मागे घ्या. तुमचं वजन माझ्या माथी कशाला?"

"सॉरी... मला वाटलं, तुमचं झालं."

गाडी मागे घेताना त्याने गिअर असा करकरवला की माझे दात आंबले.

"काय करता तुम्ही?"

"दातांचा डॉक्टर आहे."

"तरी गिअरचे दात पाडताय?"

तो मोकळेपणाने हसला. तिथेच मी निम्मी गारद झाले, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

रविवारी जुन्या गाड्यांची चढाची शर्यत होती, त्यासाठीच हे वजन; आम्ही दोघंही त्यात होतो. वजनाच्या दुसऱ्याच दिवशी तो गाडीची पुस्तिका घेऊन आमच्या गॅरेजात हजर.

"सहा सिलिंडर, चोवीसशे सीसी, एकशे वीस हॉर्सपॉवर. तुमची?"

"चार सिलिंडर, पंधराशे सीसी. बहात्तर."

"मग हरलात की."

"नुसते घोडे काय मोजता? ओझंही मोजा. तुमची चौदाशे किलो, माझी आठशे दहा. करा भागाकार, डॉक्टर."

त्याने पुस्तिकेच्या पाठीवर भागाकार केला. माझ्या एका घोड्यामागे सव्वाअकरा किलो, त्याच्या घोड्यामागे जवळजवळ पावणेबारा. त्याने मान वर केली... आणि बराच वेळ माझ्याकडेच बघत राहिला.

"आणि हरलात तर?"

मी खरं ते सांगितलं. आठ वर्षं मी इथे राबतेय, पण बाबा गॅरेज काकांच्या जावयाला द्यायला निघालेत. मुलीच्या हाती इंजिन कसं द्यायचं, हे त्यांचं पालुपद. हे इंजिन मी एकटीने बांधलंय. पहिली आले तर गॅरेजच्या किल्ल्या माझ्या, असं बाबांनी कबूल केलंय.

"मग मी जरा हळू —"

"खबरदार. हळू चालवलीत तर पुन्हा तोंड दाखवू नका."

रविवारी सुरुवातीच्या सपाट, सरळ रस्त्यावर तो सुसाट पुढे गेला. पण शेवटच्या वळणावर त्याला लवकर ब्रेक लावावा लागला; चौदाशे किलो सहजासहजी वळत नाहीत. मी दुसरा गिअर टाकला आणि आतल्या बाजूने निघाले. माथ्यावर पोचले तेव्हा माझ्यापुढे कोणीच नव्हतं. मी एकटीच गाडीत बसून मोठ्याने हसले.

बाबांनी बॉनेट उघडलं, इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकला आणि किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. डोळे पुसत "धूर गेला" म्हणाले. माझं इंजिन धूर सोडत नाही, पण मी वाद घातला नाही.

तेवढ्यात तो आला. "पूर्ण जोर लावला होता."

"दिसलं मला."

"काय डॉक्टर," बाबा म्हणाले, "गाडी दुरुस्तीला आणणार का?"

"गाडी ठणठणीत आहे, काका. पण यायचंय... रोज."

"कशाला?"

तो कानापर्यंत लाल झाला. "मला ही आवडते."

"कोण, निळी?"

"नाही. तुमची मुलगी."

बाबांच्या भुवया वर गेल्या. ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "बाबा, गॅरेजात कोणाला येऊ द्यायचं, ते आता मी ठरवणार."

मग मी त्याच्याकडे वळले.

"उद्या नऊला ये," पहिल्यांदाच त्याला अरेतुरे करत मी म्हणाले. "मलाही तू आवडतोस."