चष्मा न लागणारा सुतार

विद्याप्रेमी वाचकहो, प्रस्तुत कथेत एका तरुण सुतारास अक्षरे कशी भेटली, व अक्षरांच्या पाठोपाठ आणखी काय भेटले, याचे निवेदन यथामती करण्यात येत आहे. चित्त देऊन वाचावे.

दुपारची वेळ होती. चष्म्याच्या दुकानात डोळे तपासणारी तरुणी एकटीच बसली होती. इतक्यात एक बाई आपल्या धाकट्या भावाला दंडाला धरून आत घेऊन आल्या.

"काही वाचायला दिलं की म्हणतो, दिसत नाही. नीट तपासा याला," असे बजावून त्या बाजारात गेल्या.

भाऊ सुतार होता. केसांत लाकडाचा भुसा, आणि डोळे... डोळे मात्र विलक्षण निर्मळ. तरुणीने भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट केले.

"पहिली ओळ?"

"दिसत नाही."

भिंगावर भिंगे चढली, उत्तर तेच. हताश होऊन तिने सारी भिंगे काढली, तेव्हा तो हळूच म्हणाला, "तक्ता उजवीकडे सूतभर उतरलाय."

ती थबकली. ज्याला सूतभर उतार दिसतो, त्याला तळहाताएवढे अक्षर दिसू नये?

"वाचता येत नाही ना?"

त्याची मान खाली गेली. "ताईनं लोकांचे कपडे शिवून मला शाळेत घातलं. मी दप्तर घेऊन सुताराकडे पळायचो. तिला कळलं तर—"

"जेवणाच्या सुट्टीत येत जा," ती म्हणाली. "मी शिकवते."

तो रोज येऊ लागला. फळीच्या तुकड्यावर अक्षरे उमटू लागली.

"मास्तरीणबाई, या 'क'चं पोट का फुगलंय?"

"तो जेवलाय. तुम्ही उपाशी आहात. लिहा."

गाडी जोडाक्षरांवर मात्र अडली ती अडलीच. तरुणी रागावली नाही. जोडाक्षरे संपल्यावर हा कशाला येईल, या विचारानेच तिचा घास हातातच राहत असे.

एके दिवशी ती वर्तमानपत्र उघडून बसली असता समोरून हसू फुटले. मागच्या पानावर एक विनोद छापलेला होता. तिने पत्र खाली केले.

"कशाला हसलात?"

"सहज..."

"त्यात सगळी जोडाक्षरंच आहेत. कधीपासून येतं?"

"बरेच दिवस झाले. येतं म्हणालो असतो, तर तुम्ही उद्या या म्हणाला नसतात."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तरी ती म्हणाली, "आधी ताईंना खरं सांगा. मग... मग बघू."

"तिनं बोलणं टाकलं तर?"

"खोट्यावर माझ्याशीही बोलणं चालायचं नाही."

दुसऱ्या दिवशी तो आला नाही. तिचा डबा तसाच राहिला. त्यानंतरच्या दुपारी ताई एकट्याच आत आल्या. मुद्रा कठोर होती.

"काल त्यानं मला पेपर वाचून दाखवला. अख्खं पान. मग सगळं सांगितलं." त्यांचा आवाज कापला. "एक थोबाडीत दिली, आणि म्हटलं, आता दुसरं पान वाच."

तरुणीची नजर दाराकडे गेली.

"बाहेर उभा आहे. आत यायला घाबरतोय, गाढव. बरं पोरी, तुझ्या घरी बोलायचं कुणाशी?"

"बाबा... संध्याकाळी घरी असतात," ती कशीबशी म्हणाली, आणि काचेपलीकडे पाहून खुदकन हसली.

वाचकहो, आपण वेळ दिलात, आभारी आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

आपला नम्र,
शेजारच्या दुकानातला घड्याळवाला अण्णा